ऐरोलीचा रविवारचा इंग्रजी वर्ग : रिपोर्ट लिहिणाऱ्यांनी जरूर जावं

ठाण्यापासून वाशीपर्यंत कुठल्याही स्टेशनाबाहेर पडा, इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या वर्गांच्या पाट्या दिसतातच. ऐरोलीत रविवारी सकाळी भरणारा हा वर्ग वेगळा आहे. इथे फाडफाड इंग्रजी शिकवत नाहीत. एकमेकांसारखे वाटणारे इंग्रजी शब्द घेतात, एका रविवारी दोन-तीन जोड्या, आणि त्यांचा अगदी कीस काढतात. शिकवणाऱ्या मॅडम औषध कंपनीच्या क्वालिटी विभागातून निवृत्त झालेल्या आहेत.

मी रबाळ्याच्या एमआयडीसीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात आहे. शाळा मराठी माध्यमाची, पुढे केमिस्ट्री. आमचं लॉगबुक, एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत), डेव्हिएशन रिपोर्ट (त्या पद्धतीपासून कुठे ढळलो त्याची नोंद), सगळं इंग्रजीत. बोलताना शब्द मागेपुढे झाला तरी समोरचा समजून घेतो. ऑडिटर कागदावर जे आहे तेच वाचतो. त्यामुळे या वर्गाची गरज मला फार वर्षांपासून वाटत होती.

सगळ्यात रंगलेला रविवार ‘अॅक्युरेट’ आणि ‘प्रिसाइज’चा. मॅडमनी फळ्यावर चार आकडे लिहिले : १००.४२, १००.४१, १००.४२, १००.४२. काट्यावर १०० ग्रॅमचं प्रमाणित वजन चार वेळा ठेवलं आणि हे वाचन आलं, तर काटा कसा आहे? बरेच जण म्हणाले, उत्तम, आकडे जुळतायत की. आकडे एकमेकांशी जुळतात, म्हणून काटा प्रिसाइज. पण खऱ्या वजनापासून सगळेच जवळजवळ सारखे लांब आहेत, म्हणून तो अॅक्युरेट नाही. आपण दोन्हींना ‘अचूक’ म्हणतो आणि घोटाळा तिथेच होतो. पुढे मॅडमनी जे सांगितलं ते मला कंपनीतल्या कुठल्याच ट्रेनिंगमध्ये मिळालं नव्हतं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या १९९४च्या ५७२५ या मानकात खऱ्या मूल्याशी असलेल्या जवळिकीला ‘ट्रूनेस’ असं वेगळं नाव आहे आणि ‘अॅक्युरसी’मध्ये ट्रूनेस आणि प्रिसिजन दोन्ही धरतात. म्हणजे खऱ्याच्या जवळ ते अॅक्युरेट ही जुन्या पुस्तकातली व्याख्या आणि या मानकातली व्याख्या एक नाही. रिपोर्टमध्ये आपण कुठली धरतोय ते लिहायला हवं.

त्याच काट्यावरून ‘कॅलिब्रेशन’ आणि ‘अॅडजस्टमेंट’ निघालं. आमच्याकडे सर्रास म्हणतात, काटा बिघडलाय, कॅलिब्रेट करून आणा. कॅलिब्रेशन म्हणजे प्रमाणित वजनाशी तुलना करून फरक किती येतो ते नोंदवणं. काटा त्याने दुरुस्त होत नाही. फरक काढून टाकण्यासाठी काट्याला हात लावला की ते अॅडजस्टमेंट, आणि त्यानंतर पुन्हा कॅलिब्रेशन करावं लागतं. अॅडजस्टमेंटच्या आधीचं वाचन नोंदवलं नाही, तर मागच्या कॅलिब्रेशनपासून मधल्या काळात त्या काट्यावर तोललेल्या मालाचं काय, या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. एका शब्दाच्या ढिलाईने केवढं अडतं, ते इथे कळतं.

‘करेक्शन’ आणि ‘करेक्टिव्ह अॅक्शन’ ही जोडी तर प्रत्येक सुपरवायझरला शिकवायला हवी. पिंपावर चुकीचं लेबल लागलं, ते काढून बरोबर लावलं, हे करेक्शन. दोन बॅचची लेबलं एकाच टेबलावर ठेवली जात होती म्हणून तसं झालं, हे शोधून ती पद्धत बंद केली, तर ती करेक्टिव्ह अॅक्शन. मॅडम म्हणाल्या, “तुमचा कुठलाही जुना रिपोर्ट काढा. करेक्टिव्ह अॅक्शनच्या रकान्यात करेक्शनच वेगळ्या शब्दांत लिहिलेलं दिसेल.” आमच्याकडे मी काढून पाहिले. बहुतेकांत तसंच आहे.

‘इन्फ्लेमेबल’ आणि ‘फ्लेमेबल’ यांचा अर्थ एकच, पेट घेणारं. सुरुवातीचं ‘इन’ नकारार्थी वाटतं, म्हणून कुणी ‘न पेटणारं’ असं वाचू नये यासाठी इशाऱ्याच्या पाट्यांवर ‘फ्लेमेबल’ लिहिणं बरं. न पेटणाऱ्याला ‘नॉन-फ्लेमेबल’. सॉल्व्हंटच्या पिंपांजवळ काम करणाऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे हा, व्याकरणाचा नव्हे. ‘अफेक्ट’-‘इफेक्ट’, ‘एन्शुअर’-‘इन्शुअर’ या नेहमीच्या जोड्या मात्र भरभर उरकल्या जातात. त्या कुठेही मिळतात, त्यामुळे हरकत नाही.

एक मोठी तक्रार आहे. ‘शॅल’ आणि ‘शुड’ शिकवताना पहिलं बंधनकारक आणि दुसरं नुसती शिफारस, एवढ्यावर विषय संपवला. आयएसओच्या मानकांपुरतं ते बरोबर आहे. पण औषधांचा मूळ कच्चा माल बनवणाऱ्यांना लागू असलेल्या आयसीएच (औषधांचे नियम देशोदेशी सारखे करणारी संस्था) क्यू ७ या मार्गदर्शिकेत जवळपास प्रत्येक वाक्यात ‘शुड’च आहे. तिथे सुरुवातीलाच म्हटलंय की ही शिफारस पाळली जाणं अपेक्षित आहे. पाळायची नसेल तर ती लागू होत नाही असं दाखवून द्या, किंवा निदान तितक्याच दर्जाची खात्री देणारा दुसरा मार्ग सिद्ध करा. ‘शुड’ म्हणजे ऐच्छिक, असं समजून आमच्या क्षेत्रातला मुलगा ऑडिटला बसला तर अडचणीत येईल. मी हे वर्गात मांडलं. मॅडमनी पुढच्या रविवारी स्वतःहून विषय पुन्हा घेतला आणि वाटायच्या कागदातही भर घातली. हे मला फार आवडलं. पण औषध क्षेत्रातूनच आलेल्या व्यक्तीने ते पहिल्याच फेरीत सांगायला हवं होतं.

जागा पहिल्या मजल्यावर आहे, खोली लहान, खिडक्या रस्त्याच्या बाजूला. मागे बसलं तर हॉर्नमध्ये निम्मं ऐकू येत नाही, पुढची जागा धरा. फी तीन हजार, झेरॉक्सचे कागद त्यातच. उच्चार, मुलाखत, गटचर्चा यातलं काहीच नाही. कॉल सेंटरची तयारी करणाऱ्यांनी इथे येऊन पैसे घालवू नयेत. लॅबमधली, स्टोअरमधली, मेंटेनन्समधली मंडळी, ज्यांना रोज चार ओळी लिहून खाली सही करावी लागते, त्यांच्यासाठी याहून उपयोगी वर्ग मला या पट्ट्यात माहीत नाही.

शेवटचा तास प्रत्येकाने आणलेल्या लिखाणावर असतो. त्यासाठी स्वतःच्या हातचा एखादा जुना रिपोर्ट पुन्हा लिहून न्या. कंपनीचं, मालाचं, बॅचचं नाव त्यात येऊ देऊ नका. मॅडम तसा कागद हातातही घेत नाहीत.