सुताच्या दुकानात सूतपुत्र: ‘मृत्युंजय’ घ्यावं की ‘युगांत’?

भाच्याला दिवाळीच्या सुट्टीत महाभारतावरचं एकच पुस्तक वाचायचंय. ‘मामा, एकच सांगा. दोन सांगितलीत तर एकही वाचणार नाही,’ असं त्यानं आधीच बजावलंय. टीव्हीवरचं महाभारत पाहून झालंय, त्यामुळं कोण कोणाचा कोण हे शिकवायची गरज नाही. शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी ‘मृत्युंजय’ द्यावी की इरावती कर्व्यांचं लेखांचं पुस्तक ‘युगांत’, एवढाच प्रश्न आहे.

गेल्या उन्हाळ्यात ही दोन्ही मी पाठोपाठ वाचली. मी काही समीक्षक नव्हे. सोलापूरच्या पूर्व भागात सुताच्या दुकानात गल्ल्यावर बसतो आणि गिऱ्हाईक नसलं की वाचतो. सुताच्या दुकानात सूतपुत्राची कथा, हा विनोद शेजारच्या दुकानदाराचा चार वेळा करून झालाय, म्हणून मी करत नाही.

गंमत अशी की दोन्ही पुस्तकं एकाच सालची, १९६७ ची. सावंत तेव्हा ऐन सत्ताविशीतले, कोल्हापुरात शिक्षक. इरावतीबाई साठीच्या, डेक्कन कॉलेजातल्या मानववंशशास्त्रज्ञ. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ मध्ये हाती घेतलेलं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९६६ मध्ये पुरं झालं होतं. देशभरातल्या हस्तलिखित पोथ्या ताडून, मागाहून घुसलेले श्लोक बाजूला काढत ती पाठशुद्ध प्रत तयार झाली. इरावतीबाई त्या प्रतीवर उभ्या राहून बोलतात. सावंत उभे आहेत कर्णाच्या बाजूनं. दोघांमधला सगळा फरक इथूनच सुरू होतो.

आधी ‘मृत्युंजय’. मला ते आवडलं नाही असा समज होऊ नये. चंपानगरीतला लहान कर्ण, त्याच्या मागंमागं धावणारा धाकटा भाऊ शोण, ती गंगा, ही पानं वाचताना मी दोन फोन घेतले नाहीत. पुस्तक नऊ भागांत आहे. चार भागांत कर्ण स्वतः बोलतो, बाकीचे कुंती, कर्णाची बायको वृषाली, दुर्योधन, शोण आणि शेवटी कृष्ण. एकाच आयुष्याकडं सहा जणांनी सहा बाजूंनी पाहायचं, ही कल्पना ऐकायला फार सुरेख आहे.

माझी गाडी अडली ती नेमकी तिथंच. दुकानात सलग वाचायला मिळत नाही. दुर्योधन काहीतरी जळजळीत बोलत असतो, तेवढ्यात कोणीतरी दारातून विचारतं, ‘काय वाचायलाव ओ मालक? वीस नंबरचं सूत आहे का?’ मग सुताचे कोन दाखवा, भाव सांगा, उधारीची जुनी पावती शोधा. वीस मिनिटांनी परत येऊन पान उघडावं तर कोण बोलतंय तेच कळेना. ‘मी’ आहे, पण कुणाचा? दोन परिच्छेद वाचले, तीन वाचले. सूर्य आहे, मनातलं वादळ आहे, नियती आहे, उपमांवर उपमा आहेत. कुंतीही तशीच बोलते, शोणही तसाच, दुर्योधनही रागावला की जवळपास तसाच. मग मागं पानं उलटत भागाच्या सुरुवातीपर्यंत जायचं आणि नाव बघून यायचं. हे इतक्यांदा झालं की शेवटी मी बिलबुकातली एक कोरी पावती फाडली, तिच्यावर ‘शोण’ असं लिहिलं आणि खूण म्हणून पानात घातली. भाग बदलला की नाव खोडून खाली नवं लिहायचं. पुस्तक संपलं तेव्हा त्या पावतीवर गिऱ्हाइकांच्या उधारीसारखी नावांची रांग लागली होती.

निवांत, रात्री दोन-दोन तास बसून वाचणाऱ्याला हा त्रास होणारही नाही. किंवा त्याला तो त्रास न वाटता लय वाटेल. आमच्या आईला तसंच वाटतं. पण मला एकदा ते खुपलं आणि मग खुपतच राहिलं. सहा माणसं बोलतात, पण आवाज एकच. आणि सहाही जणांना कर्णाबद्दल फार वाईट असं काही वाटतच नाही.

‘युगांत’ मी हातात घेतलं ते केवळ बारीक होतं म्हणून. ‘मृत्युंजय’च्या निम्म्यानंही नाही. एकेक लेख एकेका माणसावर: भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण, कृष्ण. कुठूनही सुरू करता येतं आणि कुठंही थांबता येतं, दुकानात बसणाऱ्याला हे फार सोयीचं. पुण्याला जाताना हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये मी गांधारी उघडली आणि कुर्डुवाडीच्या आत ती संपलीसुद्धा. म्हातारे धृतराष्ट्र-गांधारी वनात बसलेत आणि आयुष्यभर डोळ्यांवर बांधलेल्या त्या पट्टीचं बोलणं निघतं. हा संवाद इरावतीबाईंनी रचलेला आहे, ते त्या लपवतही नाहीत. कुर्डुवाडीला चहावाला येऊन गेला, मी घेतलाच नाही. पुढचा लेखही लगेच उघडला नाही. खिडकीतून नुसतं बाहेर बघत बसलो.

माझा कौल फिरवला तो मात्र खांडववनाच्या लेखानं. अर्जुन आणि कृष्ण अग्नीला खांडववन खायला देतात, ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. अग्नीची भूक भागली, छान झालं, संपलं. त्या वनात कोण राहत होतं, हा प्रश्नच मला पडला नव्हता. पळणाऱ्या प्राण्यांना, पक्ष्यांना आणि नागांना वाट न देता परत आगीत लोटलं, हे महाभारतातच लिहिलेलं आहे. बाई फक्त तिथं थांबतात आणि आपल्यालाही थांबवतात. त्या आगीतून वाचलेल्या मयानं बांधून दिलेली मयसभा पांडवांना किती दिवस लाभली, हेही बघायला लावतात. इथं उपमा नाही की रडारड नाही. साधी, काहीशी कोरडी वाक्यं. ती मात्र अजून डोक्यातून गेलेली नाहीत.

आणि कर्ण? तो एका लेखात आटोपतो, शिवाय त्याची फार गय केलेली नाही. घोषयात्रेत, म्हणजे कौरव आपल्या गायी बघायला वनात गेले तेव्हा, गंधर्वांपुढून तो निघून गेला होता, विराटाच्या गायींपायी झालेल्या लढाईत एकट्या अर्जुनापुढं टिकला नव्हता आणि भर सभेत द्रौपदीबद्दल सर्वांत घाण तोच बोलला होता. हे सगळं मूळ कथेतच आहे, आपण ते सोयीनं विसरलेलो असतो. आईला मी हा लेख वाचून दाखवला. चष्मा वर करून ती म्हणाली, ‘या बाईचं कर्णानं काय घोडं मारलंय?’ त्या रात्री नळाला पाणी यायचं होतं. चार-पाच दिवसांआड येतं, म्हणून जागं राहावं लागतं. मोटार लावून हौद भरेपर्यंत आम्ही दोघं पायरीवर बसून कर्णावर भांडत होतो. ‘मृत्युंजय’ वाचून आई रडली होती, पण भांडली नव्हती.

‘युगांत’मध्येही खुपणाऱ्या गोष्टी आहेत, नाही असं नाही. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे असं धरूनच बाई पुढं जातात. संजय कोण, विकर्ण कोण हे मध्येच अडलं तर थांबून सांगायला कोणी नाही. धर्मराज हा विदुराचाच मुलगा असावा, असा तर्क त्यांनी एका लेखात मांडलाय. तो वाचायला चटकदार आहे, पण मला अजून पुरता पटलेला नाही. पुराव्याची एक कडी कमी पडते असं वाटतं. आणि ज्याला कर्णावर मनापासून माया करायचीय, त्याला हे पुस्तक थंड वाटेल. अशा माणसानं बिनधास्त ‘मृत्युंजय’च घ्यावं. मे महिन्यातल्या सोलापुरी दुपारी पंख्याखाली आडवं होऊन वाचायला त्याच्याइतकं भरघोस दुसरं मिळायचं नाही. फक्त हात भरून येतो, पुस्तक छातीवर टेकवून वाचावं.

माझ्यासारखं तुकड्यातुकड्यांत वाचणारा असेल, तर मी आपला ‘युगांत’ म्हणेन. भाचा तसाच आहे, दर पाच मिनिटांनी मोबाईल बघणारा. त्याच्यासाठी ते मी गल्ल्याच्या खणात काढून ठेवलंय. ‘मृत्युंजय’ आईच्या उशाशी आहे, माझी ती नावांची पावती अजून त्यातच आहे. पुस्तक द्यायचं ते दुकानातच द्यावं म्हणतो. घरी दिलं तर आई त्याच्या हातून काढून घेईल आणि आपलं जाडजूड पुढं करील.