कमवा आणि शिका: काम देणाऱ्या विभागाच्या बाजूने एक आढावा

गरजू विद्यार्थ्याने विद्यापीठातच रोज काही तास काम करून मानधन मिळवावे आणि शिकावे, अशा ‘कमवा आणि शिका’ योजनेविषयी जे काही लिहिले जाते ते बहुधा विद्यार्थ्याच्या बाजूने लिहिलेले असते आणि ते योग्यच आहे, कारण योजना त्याच्यासाठीच आहे. परंतु ज्या विभागात हा विद्यार्थी रोज तीन तास काम करतो, त्या विभागाचीही एक बाजू असते आणि ती सहसा कोणी विचारत नाही. मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल आहे. गेली चौदा वर्षे देवघेव विभाग आणि वाचनकक्ष सांभाळताना दरवर्षी आठ ते बारा ‘कमवा-शिका’ची मुले-मुली माझ्या हाताखाली काम करीत आली आहेत. विभागाला मिळणारी एक सेवा म्हणून ही योजना कशी आहे, ती घ्यावी का आणि घेतल्यास काय तयारी ठेवावी, एवढ्यापुरताच हा आढावा आहे.

योजनेचे मूळ कर्मवीर भाऊराव पाटलांकडे जाते, हे महाराष्ट्रात वेगळे सांगावे लागत नाही. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह उभे राहिले आणि १९४७ मध्ये साताऱ्यातच सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात श्रम करून शिकण्याची ही पद्धत महाविद्यालयापर्यंत पोहोचली. त्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करीत. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही हकिकत आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली आहे. मला येथे एवढेच नोंदवायचे आहे की तेथे मूल जी भाकरी थापत होते ती त्याच्याच ताटात येत होती, आणि त्याच्या कामावर लक्ष ठेवणारी माणसे त्याच छपराखाली राहत होती. आज विद्यापीठांत ही योजना विद्यार्थी विकास मंडळामार्फत चालते. काम विद्यापीठाचे असते, मानधन मंडळाच्या निधीतून येते आणि देखरेख करणारा मनुष्य स्वतःचे पूर्णवेळ काम सांभाळून ही जबाबदारी पाहत असतो. योजनेचे गुण आणि दोष, दोन्ही या बदलातून आले आहेत, असे माझे मत आहे.

विभागाच्या दृष्टीने सेवा मिळवणे सोपे आहे. जूनमध्ये एक पानी मागणीपत्र द्यायचे, त्यात किती विद्यार्थी हवेत आणि कशासाठी हे लिहायचे, आणि पुढे जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये यादी येते. विद्यार्थ्याची वाट मात्र एवढी सरळ नसते. उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, मागील वर्षाची गुणपत्रिका, पासबुकाची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, विभागप्रमुखांची शिफारस असा संच जोडून त्याला अर्ज करावा लागतो, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गावी जाऊन तहसीलच्या दोन खेपा घालणारी मुले मी दरवर्षी पाहते. निवड आर्थिक निकषावर समिती करते, त्यात विभागाला काही म्हणायचे नसते आणि नसावेही. यादी आल्यानंतर कोणाला कोठे बसवायचे एवढेच माझ्या हातात उरते. त्यासाठी मी गुणपत्रिका पाहत नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकाला दहा पुस्तके देऊन ती वर्गांकाने, म्हणजे पुस्तकावरच्या विषयक्रमांकाने, लावायला सांगते आणि तासिकांचे वेळापत्रक लिहून घेते. या दोन गोष्टींतून जेवढे कळते तेवढे मुलाखतीच्या अर्ध्या तासात कळत नाही. यादीच्या बाबतीत एक पथ्य मात्र मी कटाक्षाने पाळते. ‘गरजू विद्यार्थ्यांची यादी’ असे शीर्षक असलेला कागद मी फलकावर लावत नाही. यादी माझ्या टेबलावर असते, आणि ज्याला हवी तो येऊन पाहतो.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. ग्रंथालयात या मुलांना मिळणारे मुख्य काम म्हणजे परत आलेली पुस्तके पुन्हा जागेवर लावणे. बाहेरच्या माणसाला हे हमालीचे काम वाटते, आणि आमच्यातल्याही काहींना तसेच वाटते. वस्तुस्थिती अशी आहे की चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक हरवलेल्या पुस्तकापेक्षा वाईट असते, कारण हरवलेले पुस्तक निदान यादीतून कमी करता येते, तर हे पुस्तक संगणकावर ‘उपलब्ध’ दिसत राहते आणि वाचक अर्धा तास कपाटापुढे उभा राहतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१ मधील ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. त्याचे पालन अखेर या तीन तासांच्या मुलांच्या हातून होते किंवा होत नाही.

तीन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगते. चांदवडकडची एक मुलगी, कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाची, अतिशय नीटस काम करणारी, पहिल्याच आठवड्यात उर्दू साहित्याची एक संपूर्ण ट्रॉली गुजराती साहित्याच्या पुढे लावून मोकळी झाली. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्युई दशांश पद्धतीत हिंदी साहित्याचा वर्गांक ८९१.४३, उर्दूचा ८९१.४३९, मराठीचा ८९१.४६ आणि गुजरातीचा ८९१.४७ आहे. तिने ठिपक्यानंतरचा आकडा पूर्णांकासारखा वाचला. चारशे एकोणचाळीस हा आकडा सत्तेचाळीसपेक्षा मोठा, म्हणून तो नंतर. तिच्या परीने हिशेब बिनचूक होता. दोन दिवसांनी उर्दूचे एक प्राध्यापक काउंटरवर येऊन, आमची भाषा कोणत्या गावाला गेली, असे हसत विचारून गेले, तेव्हा प्रकार लक्षात आला. मी तिला दशांश चिन्हाचा नियम सांगितला, तिने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चूक केली. मग मला आठवले की तिचे वडील कांदा घेऊन बाजार समितीत जातात. मी विचारले, काट्यावर शून्य दशांश सेहेचाळीस किलो दिसले तर किती ग्रॅम? ती चटकन म्हणाली, चारशे साठ. आणि शून्य दशांश चारशे एकोणचाळीस किलो? ती क्षणभर थांबली. “मग मॅडम, चारशे एकोणचाळीसवाली आधी लागणार,” असे म्हणून ती स्वतःच ट्रॉली घेऊन गेली. त्यानंतर दोन वर्षे तिच्या मांडणीत मला चूक सापडली नाही, आणि नव्या मुलांना काट्याचे उदाहरण देऊन शिकवण्याचे काम तीच करू लागली.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की तिला शिकवायला मला दोन दुपारी द्याव्या लागल्या, आणि त्या दोन दुपारींची नोंद योजनेच्या कोणत्याही कागदात नाही. हजेरीपत्रकात विद्यार्थ्याचे तास असतात. त्याला काम समजावून देणाऱ्याचे, ते तपासणाऱ्याचे आणि चूक निस्तरणाऱ्याचे तास कोठेही धरलेले नसतात. बारा मुले आली म्हणजे बारा जणांचे रोजचे तीन तास फुकटात मिळाले, असा हिशेब वरच्या बैठकांत होतो. माझा अनुभव असा आहे की पहिले सहा आठवडे ही मुले जेवढे काम करतात त्याहून अधिक काम निर्माण करतात. यात त्यांचा दोष नाही; नवीन माणूस कोठेही असाच असतो. सातव्या आठवड्यापासून परिस्थिती पालटते, आणि तेवढ्यात सत्र परीक्षा येते.

परीक्षेचा तिढा हा या सेवेचा अंगभूत दोष आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल या काळात वाचनकक्षात बसायला जागा नसते, काउंटरवर रांग लागते, आणि नेमक्या त्याच काळात आमचे विद्यार्थी-कर्मचारी स्वतःच्या अभ्यासासाठी रजा मागतात. ती नाकारणे मला कधीही जमले नाही. ज्या मुलाने शिकता यावे म्हणून काम धरले, त्याला काम आहे म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी थांबवायचे, हे योजनेच्या नावालाच न शोभणारे आहे. त्यावर मी काढलेला तोडगा साधा आहे. वेगवेगळ्या शाखांची मुले घ्यायची, म्हणजे सगळ्यांचे पेपर एकाच दिवशी येत नाहीत. शिवाय एका वेळेला दोघांना तयार ठेवायचे, म्हणजे एक गेला तरी जागा रिकामी राहत नाही. आठवडाभर आधी लेखी कळवले तर रजा मिळणारच, एवढा एक नियम मी पहिल्या दिवशी सांगते, आणि आश्चर्य म्हणजे मुले तो पाळतात. न सांगता गायब होणारे मूल मला चौदा वर्षांत फार थोड्या वेळा भेटले.

काउंटरवर बसवलेल्या विद्यार्थ्याची अडचण वेगळी असते. समोर पुस्तक घेऊन उभा राहणारा त्याचा खोलीतला सोबती असतो, दंड दहा-बारा रुपयांचा असतो आणि “सोड ना यार” एवढेच म्हणणे असते. म्हणून दंडाची रक्कम घेण्याचे आणि माफ करण्याचे काम मी या मुलांकडे ठेवत नाही. हा त्यांच्यावरचा अविश्वास आहे असे कोणी समजू नये. मित्राला नाही म्हणण्याचा भार विसाव्या वर्षी कोणाच्या डोक्यावर टाकू नये, एवढाच त्यामागचा हेतू आहे. कोणी कोणते पुस्तक नेले हे बाहेर बोलायचे नाही, हेही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे लागते. दुसरीकडे, या मुलांना जे माहीत असते ते आम्हाला कधीच कळत नाही. स्पर्धा परीक्षेची पुस्तके मुले परीक्षेच्या तोंडावर भलत्याच कपाटात दडवून ठेवतात, हे जुने दुखणे आहे. आमच्याकडे राजपत्रांच्या बांधीव खंडांमागे अशी सतरा पुस्तके निघाली, ती एका ‘कमवा-शिका’च्या मुलाने काढून दिली. तुला जागा कशी कळली, असे विचारल्यावर तो जमिनीकडे पाहत म्हणाला, “मॅडम, मागच्या वर्षी मीच ठेवायचो.”

काही कार्यालयांत या मुलांचा वापर चहा आणण्यासाठी, बँकेच्या खासगी कामासाठी, कोणाच्या तरी घरी डबा पोहोचवण्यासाठी होतो. याबद्दल अधिक लिहीत नाही. ज्या विभागाला शिपाई हवा आहे त्याने शिपायाच्या रिक्त पदाचा पाठपुरावा करावा.

मानधनाच्या बाबतीत मात्र मुलांवर सरळ अन्याय होतो. तासाचा दर अजूनही दोन आकडी आहे. दिवसाला तीन तास आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले तर पंच्याहत्तर तास होतात, आणि त्यात मेसचे पैसे जेमतेम सुटतात. तेही वेळेवर आले तर. महिनाअखेर मी हजेरीपत्रकावर सही करून पाठवते, ते मंडळाकडून लेखा विभागात जाते, एखाद्या नावापुढे त्रुटीचा शेरा पडला की संपूर्ण विभागाची फाइल परत येते, आणि ऑगस्टचे पैसे दिवाळीनंतर मिळतात. एका मुलाची रक्कम चार महिने अडकली होती, कारण त्याच्या बँकेचे विलीनीकरण झाले होते आणि जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड बंद पडला होता. त्याला कोणी ते सांगितले नव्हते. मला लेखा विभागात तीन खेपा घातल्यावर कळले. त्यानंतर मी प्रत्येकाकडून चालू वर्षाची नोंद असलेले पासबुक मागून घेते आणि हजेरीपत्रकाची प्रत स्वतःजवळ ठेवते. मेसवाला उधारी ठेवतो, पण दोन महिन्यांच्या वर ठेवत नाही, हे लेखा विभागाला माहीत असण्याची शक्यता कमी आहे.

माझ्याकडे काम केलेली एक मुलगी आता अमेरिकेत एमएस करते आणि तेथील विद्यापीठाच्या भोजनगृहात काम करते. तिच्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांहून अधिक काम करता येत नाही. १९६४ च्या कायद्याने सुरू झालेल्या तेथील सरकारी काम-शिक्षण योजनेचा लाभही त्यांना मिळत नाही, म्हणजे तेथेही सगळे आलबेल आहे असे नाही. पण रुजू होताना तिला दोन पानांचा कागद मिळाला, ज्यात तिचे काम काय, कोणते काम तिचे नाही, चूक झाल्यास कोणाला सांगायचे आणि तिच्या कामाचा अभिप्राय कोण व कधी देणार, हे लिहिले होते. तिने मला त्याचा फोटो पाठवला होता. मी तो समोर ठेवून आमच्यासाठी एक पानाचा मराठी कागद केला. त्यात शेवटची ओळ अशी आहे की या कागदात नसलेले काम कोणी सांगितल्यास प्रथम मॅडमना विचारावे. या एका ओळीने चहाचा प्रश्न आमच्या मजल्यापुरता मिटवला.

ज्या विभागात काम शिकवण्यासाठी रोज अर्धा तास देणारे एक निश्चित माणूस आहे, त्याने ही सेवा अवश्य घ्यावी. ग्रंथालय, प्रयोगशाळा, बाग, प्रकाशन विभाग येथे ती चांगली चालते. जेथे मुलांना ‘जो रिकामा असेल तो’ काम सांगतो, तेथे ती घेऊ नये, कारण तेथे मूल तीन तास खुर्चीवर बसून मोबाइल पाहते आणि सही करून जाते, व तेही त्याला फार काळ बरे वाटत नाही. संध्याकाळच्या पाळीत मुलींना ठेवायचे असेल तर वसतिगृहाचे दार किती वाजता बंद होते हे आधी विचारावे.

यंदाचे मागणीपत्र मी मागच्या आठवड्यात दिले. गेल्या वर्षी बारा विद्यार्थी होते, यंदा मी सात मागितले आहेत. मंडळाच्या कार्यालयातून फोन आला की निधी शिल्लक आहे, मॅडम, कमी का मागता. बारा जणांकडे नीट लक्ष देणे मला जमले नाही, असे मी सांगितले. हे कारण अर्जात लिहायला रकाना नाही, असे उत्तर मिळाले, तेव्हा मी ते समासात लिहून पाठवले आहे.