कॅनिस्टर घरी बनवावा की विकत घ्यावा? खरा फरक झाकणात आहे

कॅनिस्टर म्हणजे माशांच्या टाकीचे पाणी गाळणारा, टाकीबाहेर ठेवायचा बंद डबा. तीन बाय दीड बाय दीड फुटांची टाकी काठोकाठ भरली तर 190 लिटर पाणी मावते. रेती, दगड आणि वरची रिकामी जागा सोडली की 160च्या आसपास उरते. एवढ्या पाण्याच्या तासाला चार-पाच फेऱ्या व्हायला हव्यात, म्हणजे प्रत्यक्षात 650 ते 800 लिटर. पंपाच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या तोंडाचा असतो. स्पंज, नळी आणि एल्बो (नळीची वळणे) मिळून त्यातला तिसरा हिस्सा ते निम्मा खातात. म्हणून पंप 1,200 ते 1,500 लिटरचा, 20-25 वॉटचा घ्यायचा. वीज महिन्याला साधारण 14 ते 18 युनिट. कॅनिस्टर घरी बनवला काय नि विकत आणला काय, हे गणित तेच राहते.

पंप लागतोच, सिरॅमिक रिंगा (पाणी साफ ठेवणाऱ्या जिवाणूंच्या वस्तीसाठी) आणि स्पंज लागतातच. घरी बनवून वाचतो तो फक्त डबा आणि त्याचे झाकण. गोम अशी की कॅनिस्टरमध्ये अवघड काम झाकणाचेच आहे.

टाकी दोन फुटांची किंवा त्याहून लहान असेल तर मात्र पुढचे वाचायची गरज नाही. एअर पंपावरचा स्पंज फिल्टर किंवा काचेला मागून टांगायचा फिल्टर पुरतो.

टाकी स्टँडवर आणि कॅनिस्टर खाली जमिनीवर, म्हणजे पाण्याची पातळी झाकणापेक्षा साधारण मीटरभर वर. एक मीटर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 100 ग्रॅम. आकडा क्षुल्लक वाटतो, पण दहा इंच तोंडाच्या बादलीच्या झाकणावर तो 50 किलो होतो, आणि तोही पंप बंद असताना, रात्रंदिवस. रंगाच्या बादलीचा किंवा धान्याच्या हवाबंद डब्याचा कॅनिस्टर का टिकत नाही, ते यात आले. झाकण दोन-चार आठवडे धरते, मग मधोमध फुगते आणि कडेने पाझरू लागते. असे डबे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात, त्यावर सिलिकॉन धरत नाही. ट्यूब रिकामी करून काही साधत नाही.

घरी बनवायचाच तर 160 मिमीचा पीव्हीसी पाइप घ्यावा. आतला व्यास 15 सेंटिमीटरच्या जरा वर, त्यामुळे झाकणावर 18 किलोच येतात. दीड फूट तुकड्यात आठेक लिटर पाणी मावते, या टाकीला ते भरपूर. इंदूरच्या सियागंज बाजारात पाइप, फिटिंग आणि पेस्ट एका फेरीत मिळून जाते. फक्त फिटिंग मागताना ‘पेस्टफिट’ म्हणा. रिंगफिट कॅप हाताने दाबून बसते, छान घट्ट वाटते, पण ती सांडपाण्यासाठी आहे. दाब आला की रबरावरून सरकत बाहेर येते. तळाची कॅप सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवून 24 तास सोडावी. वर आटे असलेली, रबर रिंगची क्लीनआउट कॅप. ती सफाईसाठी दर वेळी उघडणार, म्हणून तिच्यात एकही भोक पाडू नका. नळ्या तिलाच जोडल्या तर कॅप फिरवताना नळ्याही पिळतात.

मग नळ्या कुठे जोडायच्या? पाइपाच्या अंगाला टँक निपल (भोकात बसवून नळी जोडायचा आट्यांचा तुकडा) लावणे ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. निपलचा वॉशर सपाट, पाइप गोल. चारपैकी दोन बाजू कधीच नीट टेकत नाहीत. यासाठी 160 मिमीची सर्व्हिस सॅडल मिळते. ती पाइपाला बाहेरून कवटाळते आणि तिचे रबर गोलाईवर बसते. एक खाली, पाणी आत यायला. एक वर, बाहेर जायला. सगळे प्लास्टिकचे घ्या. पितळेत तांबे असते आणि ते कोळंबी-गोगलगायींच्या जिवावर उठते; जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी निपलमधून जस्त उतरते.

पंप टाकीतच ठेवावा, तोंडाला जाड स्पंज लावून. कॅनिस्टरमधून वायर बाहेर काढण्याची भानगड उरत नाही. मात्र पंपाचा दाबही डब्यात येतो. दीड मीटर हेडचा, म्हणजे पाणी तेवढे उंच चढवणारा पंप असेल आणि परतीची नळी तुंबली, तर झाकणावर 18चे 45 किलो होतात. म्हणून प्रवाह कमी करायचा तो आत येणाऱ्या बाजूच्या व्हॉल्व्हने, परतीच्या नाही. पंपाचे आणि परतीच्या नळीचे तोंड पातळीखाली दोन-तीन इंचांवरच ठेवा. गळती झालीच तर या टाकीत दोन इंच म्हणजे वीसेक लिटर फरशीवर येईल. तोंडे तळाशी असतील तर जवळजवळ सगळी टाकी. मात्र मे महिन्यात पाणी रोज उतरते. वरून भरणे चुकले की पंप कोरडा.

दुसरा मार्ग आरओच्या सुट्या भागांच्या दुकानातला: 20 इंची जम्बो हाउसिंग, म्हणजे पाणी गाळायच्या फिल्टरचे मोठे भांडे. ते नळाच्या दाबासाठीच बनलेले, म्हणून झाकणाची चिंता संपली. ओ-रिंग (झाकणाची गोल रबरी रिंग), आटे, पाना, सगळे तयार. अडचण आतल्या वाटेची. दोन्ही तोंडे वरच्या टोपीत असल्याने नुसत्या रिंगा भरल्या तर पाणी वरच्या वर निघून जाते आणि खालचे सगळे निजून राहते. मधल्या तोंडाला तळापर्यंत पाइप उतरवावा, त्याच्या शेवटच्या दोन इंचांत भोके पाडावीत. मग पाणी बाहेरच्या बाजूने खाली येऊन पाइपातून वर चढते. उघडताना भांडे खाली सुटते, भरलेले आणि जड. ब्रॅकेट बादली मावेल इतक्या उंचीवर ठोका. आमच्या मते ज्याला हाताने करायची हौस आहे पण गळतीची धास्तीही आहे, त्याने हाच मार्ग धरावा.

विकतच्या कॅनिस्टरमध्ये पैसे जातात ते क्लिपांना, टोपल्यांना आणि नळ्या एका खटक्यात सुटणाऱ्या व्हॉल्व्हला. सफाई पंधरा-वीस मिनिटांत उरकते; पाइपाच्या डब्याला पाऊण तास धरा. आणि ज्या फिल्टरची सफाई कटकटीची, तो महिनोन्‌महिने उघडला जात नाही. घेण्याआधी एकच गोष्ट विचारा: ओ-रिंग आणि इम्पेलर (पंपातला फिरता पंखा) सुटे मिळतात का? दुकानदार गुळमुळीत बोलला तर दुसरे मॉडेल पाहा. ओ-रिंगला व्हॅसलीन लावू नका, काही रबरे त्याने फुगतात. सिलिकॉन ग्रीस लावा. खाचेत रेतीचा एक कण राहिला तरी थेंब थेंब सुरू होते, म्हणून बंद करण्याआधी खाच बोटाने चाचपून घ्या.

भरणा तिन्हींत सारखा: आधी जाड स्पंज, मग रिंगा किंवा सच्छिद्र लाव्हा दगड, शेवटी बारीक फ्लॉस (कापसासारखे तंतू). स्पंज डब्याच्या व्यासापेक्षा सेंटिमीटरभर मोठा कापा, नाहीतर पाणी कडेने पळते. संगमरवराची खडी नको. माळव्यातले बोरिंगचे पाणी आधीच जड, त्यात ती आणखी चुना सोडते. बोरिंगच्या पाण्याने इम्पेलरवर पांढरा थर बसतो आणि पंप घरघरू लागतो. तो भाग काढून पातळ व्हिनेगरमध्ये तासभर ठेवला, धुतला की सुटतो. नर्मदेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन, त्यामुळे स्पंज आणि रिंगा नळाखाली कधीच धुऊ नयेत. टाकीतून काढलेल्या पाण्यात खळबळून घ्या.

बंद डब्याचा एक दोष घरच्या आणि बाजारच्या, दोघांतही आहे. वीज गेली की आतले जिवाणू उरलेला ऑक्सिजन काही तासांत संपवतात. इंदूरच्या उन्हाळ्यात हे लवकर होते, कारण 20 अंशांच्या पाण्यात लिटरला 9.1 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 32 अंशांना 7.3. वीज बराच वेळ गेलेली असेल तर आल्याबरोबर पंप चालू करू नका. डब्यातले कुजके पाणी फेका, मग जोडा.

भाड्याचा फ्लॅट, लाकडी कपाट, खाली शेजाऱ्यांचे छत असेल तर विकतचाच घ्या. तळमजला, फरशी आणि जवळ मोरी असेल तर पाइपाचा बनवायला हरकत नाही.

बनवला की थेट टाकीला जोडू नका. मोरीत वर्तमानपत्रावर उभा करा, नळी टाकीच्या पातळीपेक्षा अर्धा मीटर उंच ठेवलेल्या बादलीला जोडा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. कॅप घट्ट करण्याआधी डबा तिरका करून अडकलेली हवा काढा. कागदावर ओलसर डाग आला तर वरून पेस्ट लिंपू नका. पाणी आतून ढकलते आणि वरचा लेप सुटतो. तेवढा जोड कापून नवा करा.