औदुंबर ते माडगुळे : कवींच्या गावांची एक दिवसाची सहल

सांगलीतून निघणाऱ्या या सहलीला जायचं असेल तर आधी वार बघा. गुरुवार आणि पौर्णिमा नको. त्या दिवशी औदुंबरला दत्तदर्शनाची गर्दी असते, घाटावर टेकायला पायरी मिळत नाही, आणि या सहलीचा सगळा जीव त्या घाटावरच्या तासाभरात आहे. भर पावसाळाही टाळा, कृष्णा चढली की पायऱ्या पाण्याखाली जातात.

जीपमध्ये सहा जण, पहाटे सहाला निघायचं, रात्री आठपर्यंत परत. माणशी १,४०० रुपये, त्यात नाश्ता-जेवण आलं.

कवी सुधांशु, म्हणजे हणमंत नरहर जोशी, औदुंबरचे. ‘दत्त दिगंबर दैवत माझे’ घरोघरी पोचलं तरी त्यांनी गाव सोडलं नाही. सदानंद साहित्य मंडळाचं संक्रांतीचं संमेलन त्यांच्यामुळेच गावाचा सण झालं. मार्गदर्शक हे पाच मिनिटांत सांगतो आणि गप्प बसतो. अर्धा तास कुणी बोलायचं नाही. घंटा, पाणी, पलीकडे भुवनेश्वरीकडे जाणारी नाव, एवढंच. ही गोष्ट त्याला फार छान जमली आहे.

मग तो अभंग मोजायला बसवतो. ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया’ हा तुकोबांचा अभंग बोटांवर घ्यायचा : सहा, सहा, सहा, चार. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात, ‘विटेवरी’ला ‘कटावरी’. इथे बहुतेक जण चुकतात, कारण शाळेत वृत्तं शिकलेले लोक मात्रा मोजायला लागतात. अभंगात अक्षरं मोजायची, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. ‘ध्या’ जोडाक्षर असलं तरी अक्षर एकच. शेवटचा चरण दोन अक्षरांनी तोकडा का, हे टाळ हातात दिल्यावर कळतं : तिथे म्हणणाऱ्याला श्वास मिळतो. मार्गदर्शक चिपळ्या-टाळ सोबत आणतो, हे कौतुकाचं.

पुढे पलूस, कुंडल, विटा करत आटपाडी तालुका. कृष्णाकाठचा ऊस मागे पडतो, माळ उघडा होत जातो. हा माणदेश म्हणजे गदिमांचा, कवी-गीतकार ग. दि. माडगूळकरांचा, मुलूख. वडील औंध संस्थानच्या नोकरीत, त्यामुळे बालपण माडगुळे, कुंडल, औंध असं विभागलेलं. सहलीच्या पुस्तिकेत जन्मगाव माडगुळे छापलंय ते चूक आहे. जन्म शेटफळ्याचा, १ ऑक्टोबर १९१९. एवढी दुरुस्ती करायलाच हवी.

माडगुळ्यात मात्र घाई होते. मळ्यातला ‘बामणाचा पत्रा’, जिथे गदिमा लिहायला येऊन बसत, तिथे जेमतेम वीस मिनिटं, आणि त्यातही स्पीकरवर गीतरामायण. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर गाजलेली ती ५६ गीतं घरी ऐकता येतात. इथे ऐकायचा तो माळावरचा वारा आणि मेंढरांमागची हाळी. तो स्पीकर बंद ठेवायला हवा.

त्याची भरपाई गावातल्या एका घरातलं जातं करतं. समोरासमोर दोघींनी बसून एकाच खुंट्याला हात लावायचा. मूठभर जोंधळा जात्याच्या तोंडात सोडला की खुंटा जड होतो, मग ओवीची ओळ आपोआप लांबते. जास्त ओतलं तर भरड पडते आणि लयही तुटते. गदिमांच्या गाण्यांतली सहज जिभेवर बसणारी चाल ओव्यांच्या अशाच लयीतून आलेली आहे, हे इथे हाताला कळतं.

एक करा : जात्याचं आधी फोनवर सांगून ठेवा. धान्य निवडून, वाळवून ठेवावं लागतं. ओलसर जोंधळा तळीला चिकटतो, मग जातं हलत नाही आणि दुपार तशीच जाते.