सोरतापवाडीची हिवाळी रोपं: डिसेंबरात बागेत काय फुललं, काय नाही

हिवाळी फुलझाडं घ्यायची तर ट्रेमधली कोवळी रोपं घ्यावीत, कुंडीत फुललेली घेऊच नयेत. सासवडला आमच्या घराच्या तीन बाजूंना बाग आहे. तिच्यात या घडीला काय बहरलंय आणि काय रुसून बसलंय हे रोज सकाळी चहाचा कप घेऊन बघत फिरते, त्यावरून हे छातीठोकपणे लिहिते आहे. रोपं आणली सोरतापवाडीहून, दसऱ्याच्या सुमारास.

ज्यांना तो भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पुणे-सोलापूर रस्त्यावरचा सोरतापवाडी, उरुळी कांचन हा सगळा पट्टा फुलशेतीचा आणि नर्सऱ्यांचा. आम्ही सासवडकर शिंदवणे घाट उतरून उरुळीत निघतो आणि पुण्याच्या बाजूला वळतो. हायवेला लागून असलेल्या नर्सऱ्यांचा थाट मोठा: रंगीत कुंड्या, सिमेंटचे बगळे, गाडी लावायला ऐसपैस जागा. रोपं तयार होतात ती मात्र आत, शेतांमध्ये, हिरव्या शेडनेटखाली. मी जिथून घेतली ती नर्सरी अशीच आतली. पाटी धड नाही, शेवटचा रस्ता कच्चा, आणि किरकोळ गिऱ्हाइकाचं तिथे कोणी स्वागत बिगत करत नाही. बागकाम करणाऱ्या कंत्राटदारांचे टेम्पो भरून झाले की मग आपल्याकडे बघतात. तोवर हिंडा, ट्रे न्याहाळा. मला तेच आवडतं.

आमच्या घराच्या फाटकातून आत आलं की उजव्या हाताला कॅलेंडुला. यंदा सगळ्यांत आधी हाच फुलला, दिवाळीचे आकाशकंदील उतरले नव्हते तेव्हाच पहिली कळी दिसली होती. याची फुलं रात्री मिटतात. साडेसातला गेलं तर अर्धवट मुठी आवळलेल्या दिसतात, ऊन कुंपणाच्या भिंतीवरून आलं की नऊपर्यंत सगळी सपाट उघडतात. रंग दोनच, केशरी आणि पिवळा, पण दणकट झाड. पाणी कमीजास्त झालं तरी कुरकुर नाही. एवढं कौतुक करूनही सांगेन की कॅलेंडुलाचं रोप विकत घेण्यात अर्थ नाही. बी मोठं असतं, वाकडंतिकडं, बोटांच्या चिमटीत धरता येतं. मातीत टोचलं की उगवतं. नर्सरीवाल्याला त्याचे पैसे देणं म्हणजे उगीच उदारपणा. खालच्या जुन्या पानांवर आता भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दिसायला लागली आहे, ती दर वर्षीच येते. ती पानं खुडून टाकायची, बस.

खरे पैसे वसूल झाले ते पिटुनियात. पिटुनियाचं बी ज्यांनी हातात घेतलं आहे त्यांना कळेल. ग्रॅमभरात दहा हजारांच्या आसपास बिया, अगदी धूळ. ती मातीखाली गाडायची नसते, उगवायला उजेड लागतो. वरून झारीनं पाणी घातलं तर वाहून जाते, आणि न घालावं तर सुकते. हे सगळं सांभाळून पाच आठवड्यांचं, चार-सहा पानांचं, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या) गड्ड्यासकट रोप कोणी आठ रुपयांना देत असेल तर त्याच्याशी घासाघीस करू नये. मी केली नाही. ह्यांनी केली, आणि त्यांना चार रोपं वर मिळाली, हा भाग वेगळा.

आणल्यावर आठवडाभर रोपं अर्ध्या सावलीत ठेवली, मग कुंड्यांत लावली: एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. जरा तरारली की शेंडा खुडायचा. यावर आमच्याकडे दर वर्षी वाद होतो. चांगलं वाढतंय ते का तोडतेस, असं ह्यांचं म्हणणं. न खुडलेल्या पिटुनियाची एकच लांब दांडी लोंबते आणि टोकाला दोन फुलं येतात. खुडलेल्याला बाजूनं फुटवे येतात, कुंडीची कड दिसेनाशी होते. सध्या पायऱ्यांवर ज्या सहा कुंड्या आहेत त्यांतल्या दोन ह्यांनी 'आपल्या' म्हणून न खुडता ठेवल्या आहेत. येणारेजाणारे बघतात, मी काही बोलत नाही.

पिटुनियाची पानं हाताला चिकटतात, बारीक चिलटं त्यावर अडकून मरतात. वाळलेली फुलं काढताना हात चिकट होतात, पण ती काढलीच पाहिजेत, नाहीतर झाड बी धरतं आणि फुलणं मंदावतं. यातल्या गर्द जांभळ्याला संध्याकाळी मंद वास येतो. दिवसा नाकाशी धरलं तरी येत नाही, दिवेलागणीला पायरीवर बसलं की येतो. पांढऱ्यालाही थोडा आहे. गुलाबी नुसता दिखाऊ.

आता फुललेल्या कुंड्यांबद्दल. आमच्या जाऊबाईंनी त्याच सुमारास हायवेवरच्या एका नर्सरीतून फुलांनी लदलेल्या पिटुनियाच्या कुंड्या घेतल्या, ऐंशी रुपयाला एक. पंधरवडाभर त्यांचं अंगण माझ्यापेक्षा सरस दिसत होतं, मान्य. मग दांड्या तळापासून पिवळ्या पडल्या. कुंडी उपडी करून बघितलं तर मुळांची गच्च गुंडाळी, माती नावालाच. शेडनेटमध्ये, भरपूर खत-पाण्यावर वाढलेलं ते रोप, सगळा जीव फुलांत ओतून झालेला. आपल्याकडच्या उघड्या उन्हा-वाऱ्यात ते नवीन मूळ कशाच्या बळावर धरणार? मी जिथून रोपं घेते तिथे ट्रेमधून रोपं काढून देणाऱ्या बाईंनी मला हेच चार शब्दांत सांगितलं होतं. "ताई, फूल बघून नेऊ नका. हितंच फुललं, तर तुमच्याकडं येऊन काय फुलंल?"

घराच्या पूर्वेला शेवंती. ही ट्रेमध्ये मिळत नाही, काश्या, म्हणजे जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेले कोंब, लावून वाढवलेली पिशवीतली रोपं मिळतात. पिवळी घेतली, वीस रुपयांना पिशवी. मार्गशीर्षातल्या गुरुवारी सासवडच्या बाजारात फुलांचे भाव कसे चढतात ते सांगायला नको. घटापुढे घरची शेवंती असावी एवढाच हेतू. निम्मा साधला. स्वयंपाकघराच्या भिंतीकडची चार झाडं पहिल्या गुरुवारच्या आधीच फुलली. कंपाउंडलगतची चार अजून हिरवीगार, नुसत्या हरभऱ्याएवढ्या कळ्या. माती एक, खत एक, रोपं एकाच रांगेतून उचललेली. फरक आहे तो रस्त्यावरच्या दिव्याचा. शेवंती रात्र लांबली की कळी धरते. २१-२२ डिसेंबरला आपल्याकडे रात्र जवळजवळ १३ तासांची होते, त्याच्या आधीच्या लांबत्या रात्री तिला अखंड अंधारात मिळायला हव्यात. ग्रामीण भागातून रात्री जाताना दिव्यांच्या माळा लावलेली शेतं दिसतात ना, ती शेवंतीचीच असतात बरेचदा. फुलं उशिरा हवी असली की शेतकरी मुद्दाम उजेड देतात. आमच्या चार झाडांना तीच सेवा फुकटात मिळाली. यात नर्सरीचा दोष शून्य. पण विकताना "रातच्याला लाईट पडतो का?" एवढं विचारलं असतं तर बरं झालं असतं. टेम्पोवाल्यांना सांगत असतील.

शेवंतीच्या शेंड्यांवर काळा मावा, ती रस शोषणारी बारीक कीड, येतो हे गृहीत धरा. पाण्याचा जोरदार फवारा, आणि आठवड्यातून एकदा निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात. मी सकाळी मारत नाही, मधमाश्या असतात.

अ‍ॅस्टर राहुरी कृषी विद्यापीठाचं, फुले गणेश पर्पल हा वाण. झकास. ताठ दांडा, फूलदाणीत आठवडा निघतो. मात्र एकदा बहर येऊन गेला की संपलं, पिटुनियासारखं पुन्हा पुन्हा फुलत नाही. म्हणून सगळं एकदम लावू नका, पंधरा दिवसांच्या अंतरानं लावा. नर्सरीतही तसेच वेगवेगळ्या वयाचे ट्रे होते, मागितले की देतात.

माझी खरी तक्रार डॉग फ्लॉवरची. मिश्र रंग म्हणून बारा रोपं घेतली, पैसे मिश्र रंगाचे मोजले, आणि फुलली ती एकजात पिवळी. नातवाला काही फरक पडत नाही, तो फुलाच्या दोन्ही बाजू चिमटीत धरून त्याचं तोंड उघडझाप करत बसतो, पिवळा कुत्रा काय नि लाल काय. पण मी फोटो पाठवला तर नर्सरीतून उत्तर आलं, "मिक्सच होतं मावशी." बारा नाण्यांचा बाराही वेळा छापा? मुळात तिथल्या एकाही ट्रेवर चिठ्ठी नसते. वाण कोणता, रंग कोणता, पेरलं कधी, सगळं देणाऱ्याच्या तोंडी. पत्र्याच्या पट्टीवर खडूनं लिहायला असे किती पैसे लागतात? घेणाऱ्यानं आपल्या वहीत लिहून न्यावं आणि त्यांच्यासमोर लिहावं. मी पुढच्या वेळी तेच करणार.

फ्लॉक्स बरा आहे, गर्दीत लावला तरच शोभतो.

गोड मटर, म्हणजे स्वीट पी, ट्रेमधून घेऊ नका, मग नर्सरी कुठलीही असो. त्याचं मूळ सरळ खाली जातं आणि हलवलेलं त्याला सोसत नाही. मी पाकिटातलं बी रात्रभर भिजवून जागेवरच टोचलं. आता ते काठ्यांना वेलतणावे गुंडाळत कमरेपर्यंत आलं आहे, फुलं संक्रांतीनंतर. पॅन्झीबद्दल एकच सांगते. थंड हवेच्या ठिकाणचं ते पोर आहे. आपल्याकडे महिना-दीड महिना मान वर ठेवतं आणि फेब्रुवारीचं ऊन लागलं की आडवं होतं. पंचवीस रुपयांना एक रोप. चेहऱ्यासारखं फूल दिसतं म्हणून मुलं हट्ट करतात, तेवढ्यापुरतं एखादं घ्या.

एक गोष्ट दुकानाशी संबंधित नाही, पण रोपं कुठे ठेवायची हे ठरवताना लागते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून खालून जातो. जूनमध्ये भाजून निघणारी आमची उत्तरेची भिंत आता दिवसभर सावलीत असते. तिथे पिटुनिया ठेवला तर पानंच पानं. उत्तरेला मी काही विकतचं लावतच नाही, तिथे जुना कुंद आहे, तो सावलीची पर्वा न करता पांढरा झाला आहे. त्याला ना खत, ना खुडणं. मागे शेवग्याला फुलांचे झुबके आलेत आणि पावट्याच्या वेलावर जांभळी फुलं. आंब्याच्या एका फांदीवर मोहोराची टोकं दिसायला लागली आहेत. या सगळ्यांत मिळून माझा खर्च किती, तर नाही म्हणायला एक बांबू.

मोठी झाडं या नर्सरीतून घेताना मात्र पिशवी दाबून बघा. बाहेरच्या राज्यांतून ट्रकनं येणाऱ्या झाडांच्या मुळाशी घट्ट तांबडी चिकणमाती असते. ओली असताना ठीक, वाळली की वीट. वरून घातलेलं पाणी बाजूनं निघून जातं आणि आतली मुळं कोरडी. जास्वंद आणली तेव्हा पिशवीसकट बादलीत बुडवून ठेवली, बुडबुडे थांबल्यावर बोटांनी कडेची माती सैल केली आणि मग लावली. जगली, पण कळ्या अजून गाळते आहे.

बाकी व्यवहार सरळ. फोनवरून पैसे घेतात, पावती मागितली तर देतात. रोपं वर्तमानपत्रात गुंडाळून उभी रचून देतात, घाटाच्या वळणांवर एकही आडवं झालं नाही. स्वतःचा प्लास्टिकचा क्रेट नेलात तर आणखी बरं. रविवारी जाऊ नका, पुण्याची सगळी मंडळी तिथे असतात. सकाळी लवकर जा, उन्हं चढल्यावर काढलेली रोपं माना टाकतात.

आता डिसेंबर संपताना गेलात तर ट्रेमधली रोपं उंच, किडकिडीत झालेली दिसतील. तो उरलेला माल आहे, निम्म्या भावात मागा आणि शेंडा खुडूनच लावा, फुलं फेब्रुवारीपर्यंत येतील. २६ जानेवारीच्या आसपास पुण्यात एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं. तिथल्या कुंड्या बघून परत येताना हायवेवर गाडी थांबवायचा मोह होतो, आमच्या जाऊबाईंना दर वर्षी होतो. त्या दिवशी पाकीट ह्यांच्याकडे द्यावं.