ट्राउट काढायचे कशाने: जाळ्याने की रोटेनोनने?

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या उंच तळ्यांत पिवळ्या पायांचा डोंगरी बेडूक परत आणायचा, तर आधी त्याची पिल्लं खाणारे ट्राउट मासे बाहेर काढावे लागतात. यावर आता फारसा वाद उरलेला नाही. ही तळी मुळात बिनमाशांचीच होती; धबधब्यांच्या वर ट्राउट पोचले ते माणसांनी खेचरांवरून, पुढे विमानांतून आणून सोडले म्हणून. बेडकाची अडचण अशी की त्याचे बेडूकमासे दोन ते चार वर्षं पाण्यातच असतात. म्हणजे तळापर्यंत न गोठणारं खोल तळंच त्याला लागतं, आणि ट्राउटलाही नेमकं तेच. वाद आहे तो हत्याराचा: जाळं, की रोटेनोन हे मासे मारणारं औषध.

जाळं म्हणजे बुडणारं, एकेरी नायलॉन धाग्याचं गिलनेट, ज्यात मासा कल्ल्यांशी अडकतो: ३६ मीटर लांब, १.८ मीटर उंच, १० ते ३८ मिलिमीटरपर्यंत सहा वेगवेगळ्या आसांचे (जाळीच्या भोकांचे) पट्टे जोडलेलं. एक टोक काठच्या खडकाला बांधायचं, दुसऱ्याला दगडांची पिशवी लावून फुगवलेल्या ट्यूबमध्ये बसून आत न्यायचं. सुरुवातीला रोज उपसायचं, नाहीतर कुजलेल्या माशांनी जाळं निकामी होतं. मेलेल्या माशांची हवेची पिशवी टोचून ते खोल पाण्यात बुडवायचे. तळ्याचं सत्त्व तळ्यातच राहतं आणि काठावर अस्वलं येत नाहीत. पाणी गोठायच्या आधी जाळी खोलात सोडून ठेवली की ती हिवाळाभर बर्फाखाली काम करतात. फक्त काठापासून दूर ठेवावीत, कारण बर्फाने पकडलं की फाटलीच.

जाळ्याचे तोटे खरे आहेत. बोटभर पिल्लं १० मिलिमीटरच्या आसातूनही निसटतात, ती मोठी होईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून दोन-तीन हंगाम धरूनच चालायचं, ओढे जोडलेले असतील तर त्याहून जास्त. ओढ्यात वीजयंत्राने मासे गुंगवून पकडतात, पण ग्रॅनाइटवरून आलेल्या पाण्यात क्षार इतके कमी की वीज नीट वाहत नाही आणि मासा दगडाखाली सटकतो. मधूनच एखादा पाणपक्षीही जाळ्यात अडकतो. नॅप आणि मॅथ्यूज या संशोधकांनी १९९८ मध्येच सांगून ठेवलं होतं की हे काम सोपं जातं ते तीन हेक्टरच्या आतल्या, दहा मीटरपेक्षा उथळ आणि अंडी घालायला फारशी जागा नसलेल्या तळ्यात.

रोटेनोन ही सगळी कटकट एका फटक्यात संपवेल असं वाटतं. आपल्याकडे ओढ्यात गेळफळं ठेचून टाकतात, हेतू तोच. फक्त हे द्रव्य काही शेंगावर्गीय झाडांच्या मुळांतून येतं आणि पेशीचा श्वासच बंद पाडतं. शुद्ध रोटेनोन अब्ज भागांत २५ ते ५० भाग एवढं साधारण पुरतं. पण वेळ साधताना गंमत होते. उन्हाळ्यात तळ्याचे थर पडलेले असतात, वर टाकलेलं औषध खालच्या गार थरात उतरत नाही. पंपाने, वजन लावलेल्या नळीने ते खाली सोडावं लागतं. शरदात पाणी आपोआप ढवळतं, पण ब्रुक ट्राउटचा अंडी घालायचा हंगाम तोच. खडीत पुरलेली अंडी रोटेनोनला माशांइतकी दाद देत नाहीत. म्हणजे पुन्हा एक फेरी आलीच.

तरीही माझं मत जाळ्यांकडे झुकलं ते तळ्यापेक्षा तळ्याखालच्या ओढ्यामुळे. रोटेनोन ऊन आणि उबेत लवकर विरतं. थंड पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतं. तोवर बाहेर पडणारा प्रत्येक थेंब पोटॅशियम परमँगनेटने निष्प्रभ करावा लागतो. विहिरीत टाकतात तेच, पण इथे रात्रंदिवस, अखंड धार. पाण्याला अर्धा तास वाहायला लागेल तेवढं अंतर खाली गेल्यावरही परमँगनेटचा दशलक्षात एक भाग शिल्लक हवा. शेवाळ आणि कुजका पाला वाटेत किती खातो ते ओढ्यागणिक वेगळं, आणि गार पाण्यात ही क्रियाही मंदावते. कमी पडलं तर खालचे जीव रोटेनोनने मरतात, जास्त झालं तर परमँगनेटने. दुपारी बर्फ वितळून पाणी वाढलं की सकाळची मात्रा चुकलीच. चालत दोन दिवसांवरच्या जागी, तीन हजार मीटरच्या वर, पहाटे गोठू पाहणाऱ्या नळीशेजारी बसून हे सांभाळायचं. जाळं चुकलं तर फार तर एक हंगाम जातो.

शिवाय तळ्यात थोडे बेडूक उरले असतील तर रोटेनोन नकोच, असं मला वाटतं. बेडूकमासे कल्ल्यांनी श्वास घेतात, त्यामुळे एका दिवसात तीन-चार वर्षांच्या पिढ्या जातात. आधी पकडून बाजूला ठेवता येतात, पण सगळे कधीच हाती लागत नाहीत.

रोटेनोनची बाजू पूर्ण पडती नाही. दलदलीतून, झऱ्यांतून फुटलेल्या लांब ओढ्यांत जाळी चालतच नाहीत. पायूट कटथ्रोट ट्राउट या तिथल्याच मूळच्या माशासाठी सिल्व्हर किंग क्रीक या ओढ्यात कोर्टकचेऱ्या आटोपून २०१३ ते २०१५ मध्ये रोटेनोनच वापरलं, आणि २०१९ मध्ये मूळचा मासा तिथे परत सोडला. तळं मोठं, बेडूक एकही नाही आणि ओढे गुंतागुंतीचे असतील तर कदाचित मीही तिकडे वळेन. मात्र खाली मासा चढू शकणार नाही असा धबधबा आहे का, हे दोन्ही प्रकारांत आधी पाहावं.

जाळी निवडलीत तर लगेच गुंडाळू नका. शेवटचा मासा मिळाल्यावर एक पूर्ण वर्ष, मधला हिवाळा धरून, जाळी रिकामी आली पाहिजेत. बेडूक सोडायचे ते त्यानंतर, आणि शक्यतो बेडकांना मारणाऱ्या कायट्रिड बुरशीशी जुळवून घेऊन टिकलेल्या तळ्यांतले प्रौढ.