खानापूर तालुका दर्शन : एका स्थानिक मार्गदर्शकाच्या सेवेविषयी

बेळगावहून गोव्याकडे जाताना खानापूर आपण बहुधा गाडीच्या काचेतूनच पाहतो. म्हणूनच या तालुक्याच्या गावाचा भूगोल आणि इतिहास एका दिवसात समजावून देणारी ही स्थानिक सेवा मला मोलाची वाटली. सकाळी खानापुरातून निघून असोगा, हलशी, नंदगड करून संध्याकाळी परत, असा कार्यक्रम असतो. मार्गदर्शक याच भागातले निवृत्त शिक्षक असून मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा ते सारख्याच सहजतेने बोलतात.

त्यांची खरी जमेची बाजू अशी, की ते सुरुवात राजांपासून न करता पाण्यापासून करतात. असोग्याला रामलिंगेश्वराच्या देवळाजवळ, मलप्रभेच्या काठच्या खडकांवर बसवून त्यांनी सांगितले, की ही नदी याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेकडे जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. भीमगडच्या रानातली म्हादई मात्र पश्चिमेला वळते आणि मांडवी होऊन गोव्यात समुद्राला मिळते. एकाच तालुक्यात पडलेला पाऊस असा दोन समुद्रांना वाटला जातो, हे समजल्यावर म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा या दोन राज्यांत एवढा वाद का, हेही उलगडते. पश्चिमेचे दाट जंगल आणि पूर्वेची मोकळी शेती यांच्या सांध्यावर, नदी, घाटाकडचा रस्ता आणि लोंढ्याकडे जाणारा लोहमार्ग जिथे एकत्र येतात, तिथेच तालुक्याचे ठाणे का वसले, याचे त्यांनी केलेले विवेचन मला पूर्ण पटले.

हलशीला त्यांनी भरपूर वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा. हलशी म्हणजे कदंब राजघराण्याची पलाशिका नगरी. इथे सापडलेल्या ताम्रपटांतून कदंब राजा मृगेशवर्म्याने या नगरीत जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधल्याचे कळते. गोव्याच्या कदंबांच्या काळातले, बाराव्या शतकातले भूवराह नरसिंहाचे देऊळ पाहताना त्यांनी आम्हाला मंडपाच्या मधोमध उभे केले. तिथून दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन गर्भगृहे दिसतात, आणि एकातला वराह भूदेवीला उचलून धरून उभा आहे. डोळे अंधाराला सरावेपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत. असा संयम फार थोड्या मार्गदर्शकांकडे असतो.

त्या मानाने नंदगड घाईत उरकले. कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या सैन्यातील संगोळ्ळी रायण्णांना 26 जानेवारी 1831 रोजी इथे फाशी दिले गेले; समाधीजवळच्या वडाला लोक आजही नवसाचे पाळणे बांधतात. अशा ठिकाणी किमान तासभर तरी हवा होता. खानापूरच्या मातीची, कौलांची आणि कुंभारकामाची माहितीही गाडीतच सांगून झाली. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्था ज्या गावात आहे, तिथे चाकावरचे काम प्रत्यक्ष पाहता येऊ नये, ही मोठी उणीव आहे.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, हा विषय मात्र त्यांनी टाळला नाही, आणि त्यावर आवाजही चढवला नाही. गाडीत मराठी घरांतली माणसे होती तशी कन्नड घरांतलीही होती, आणि सर्वांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

शाळांनी सहावी-सातवीच्या मुलांना अवश्य न्यावे. पावसाळ्यात नदीचे खडक निसरडे होतात, त्यामुळे दिवाळीनंतरचे दिवस धरावेत, आणि नंदगडला जास्त वेळ हवा असल्यास तसे आधीच सांगून ठेवावे.